यकृताचा जुना आजार : इस्पितळाच्या फेऱ्या कशा टाळाल?

इंदूरला माझ्या दवाखान्यात येणाऱ्या एका मराठी घरातील ही हकीकत आहे. त्या घरात दारामागे खुंटीला एक निळी पिशवी कायम भरून टांगलेली असे. दोन लेंगे, एक पंचा, चादर, थर्मास, स्टीलचा पेला आणि तपासण्यांच्या कागदांचा जाडजूड गठ्ठा. मी एकदा सहज विचारले, तेव्हा काकू म्हणाल्या, "डॉक्टर, ही रिकामी करायची सोयच नाही. चार दिवस घरी आलो, की पुन्हा तिकडे जायची वेळ येते."

काका निवृत्त शिक्षक. आयुष्यात दारूच्या थेंबाला शिवले नाहीत. पंधरा वर्षांचा मधुमेह, सुटलेले पोट आणि यकृतात साठत गेलेली चरबी यांनी हळूहळू त्यांचे यकृत कठीण करून टाकले. या आजाराला डॉक्टर सिरॉसिस म्हणतात. निदान झाले आणि पुढच्या एका वर्षात काका चार वेळा इस्पितळात भरती झाले. प्रत्येक वेळी मुलाची रजा, सुनेची धावपळ, काकूंची खाटेशेजारची जागरणे. चौथ्या वेळी बिल भरताना मुलाला सोसायटीचे कर्ज काढावे लागले. शिवाय शेजारीपाजारी दबक्या आवाजात विचारीत, "मास्तर घेत होते की काय?"

त्या चार भरत्यांचे कागद मी एका संध्याकाळी समोर मांडले, तेव्हा एक गोष्ट लख्ख दिसली. चारही वेळा आजाराने घरात आधी वर्दी दिली होती. कधी आठ दिवस आधी, कधी दोन दिवस आधी. ती वर्दी कुणाला वाचता आली नव्हती, कारण ती कशी वाचायची हे कुणी सांगितलेच नव्हते. त्यात मीही आलो.

चार भरत्या, चार कारणे

पहिली भरती दिवाळीनंतरची. काकांच्या पोटात पाणी झाले होते, म्हणजे जलोदर. मी कागदावर लिहून दिले होते, 'मीठ कमी'. काकूंनी भाजी-आमटीतले मीठ खरोखरच कमी केले होते. पण इंदूरला पोह्यांवर शेव हवी, वरणभाताबरोबर पापड हवा आणि दिवाळीत तर चकली-चिवड्याचे डबे उघडेच होते. वर कुणीसे सांगितले म्हणून घरात साध्या मिठाऐवजी सैंधव आले होते आणि ते चालते अशी सर्वांची समजूत होती. आठवडाभरात लेंग्याची नाडी पुरेना, चपला घट्ट होऊ लागल्या. पण 'फराळाने अंगावर आले असेल' म्हणून कुणी लक्ष दिले नाही. श्वास लागू लागला, तेव्हा रात्री रिक्षा केली.

दुसरी भरती लग्नसराईतली. देवासला भाच्याचे लग्न होते. काकांना रोज घ्यायला दिलेले लॅक्ट्युलोजचे पातळ औषध घेतले, की दोन-तीनदा शौचाला जावे लागते. परक्या घरी, पाहुण्यांच्या गर्दीत हे अवघड, म्हणून त्यांनी ते चार दिवस बंद ठेवले. तिसऱ्या रात्री ते टक्क जागे होते आणि दिवसा मांडवात बसल्या बसल्या पेंगत होते. सुनेने पाहिले, की सदऱ्याची बटणे चुकीच्या काजात आहेत आणि 'गाडी किती वाजता?' हे त्यांनी पाच वेळा विचारले. दुसऱ्या दिवशी ते माणसे ओळखेनात.

तिसरी भरती गुडघ्याची. गुडघे दुखत होते, म्हणून मेडिकलच्या दुकानातून आणलेली वेदनाशामक गोळी दिवसातून दोनदा, आठ दिवस. लघवी कमी झाली, पायांवर सूज आली आणि रक्ताच्या तपासणीत मूत्रपिंडे थकल्याचे दिसले.

चौथी सर्वांत भयंकर. पहाटे रक्ताची मोठी उलटी. काकांच्या अन्ननलिकेतील फुगलेल्या शिरांना दुर्बिणीतून रबराची कडी बसवली होती आणि तीन आठवड्यांनी पुन्हा बोलावले होते. पण बरे वाटत होते, खर्चही होता, म्हणून दुसरी खेप राहून गेली. त्या पहाटे काका वाचले, ते इस्पितळ जवळ होते म्हणून.

यात काकूंचा दोष नव्हता. मी 'मीठ कमी' एवढे दोन शब्द काकांना सांगितले. स्वयंपाक करणाऱ्या बाईला समोर बसवून समजावले नाही. इस्पितळातून घरी सोडताना मिळालेला कागद इंग्रजीत होता आणि त्यावर औषधांची नावे होती. काय झाले की कुणाला फोन करायचा, हे त्यावर नव्हते.

हा अनुभव एकट्या आमच्या गावचा नाही. अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, सिरॉसिस बळावलेल्या दर शंभर रुग्णांपैकी सुमारे ३७ जण घरी सोडल्यापासून महिन्याच्या आत पुन्हा भरती झाले होते. त्या महिन्याभरातल्या भरत्यांपैकी जवळपास पाचवा हिस्सा टाळता येण्यासारखा होता, असे त्या डॉक्टरांना आढळले.

यकृतात नेमके काय होते?

उजव्या बरगड्यांखाली असलेले आपले यकृत सव्वा ते दीड किलोचे असते. आतड्यांतून अन्नरस घेऊन आलेले रक्त आधी यकृतात जाते, तिथे गाळले जाते आणि मग शरीरभर फिरते. वर्षानुवर्षे इजा होत राहिली, की यकृतात जागोजाग वण पडतात आणि मऊ यकृत गाठीगाठींचे, टणक होते. इजेची कारणे अनेक : दारू, 'ब' आणि 'क' प्रकारची कावीळ, मधुमेह व लठ्ठपणाबरोबर येणारी चरबी, काही आनुवंशिक आजार.

टणक यकृतातून रक्ताला वाट मिळत नाही. गटार तुंबले, की पाणी मागे चढते, तसे रक्त मागे तुंबते. त्या दाबाने अन्ननलिकेतील शिरा फुगतात आणि कधी फुटतात. शरीर मीठ धरून ठेवू लागते आणि मिठामागोमाग पाणी येते. ते पोटात व पायांत साठते. आतड्यांत तयार होणारा अमोनियासारखा विषारी पदार्थ गाळला न जाता मेंदूपर्यंत पोचतो आणि माणूस गोंधळतो. जंतूंशी लढण्याची ताकदही कमी होते.

यकृतावर पडलेले वण बहुधा पूर्णपणे पुसले जात नाहीत. पण उरलेले यकृत सांभाळून अनेक रुग्ण वर्षानुवर्षे घरी, आपल्या माणसांत राहू शकतात. त्यासाठी घरात एक वजनकाटा आणि एक वही लागते.

वहीत काय लिहायचे?

चौथ्या भरतीनंतर मी काकूंना बोलावून घेतले. सुनेने नातवाची जुनी दोनशे पानी वही आणली. आम्ही तिच्यावर चार रकाने आखले.

पहिला रकाना वजनाचा. रोज सकाळी शौच-लघवी झाल्यावर, चहापूर्वी, त्याच काट्यावर, तशाच हलक्या कपड्यांत वजन करायचे. एक लिटर पाणी साठले, की वजन एक किलोने वाढते. चरबी इतक्या झटपट वाढत नाही. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलो वाढले, तर ते पाणीच आहे असे धरा आणि डॉक्टरांना कळवा. त्या वेळी औषधाच्या मात्रेत थोडा फरक करून काम भागते. पंधरा दिवस थांबलात, तर सुईने पाणी काढावे लागते. उलट, पाणी उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना वजन फार भराभर उतरले, तरीही कळवा. पायांवर सूज नसेल, तर दिवसाला अर्ध्या किलोपेक्षा आणि असेल, तर एक किलोपेक्षा जास्त उतरू नये. नाहीतर मूत्रपिंडांवर ताण येतो.

दुसरा रकाना शौचाचा. ज्यांना लॅक्ट्युलोज दिले आहे, त्यांना दिवसातून दोन ते तीन वेळा मऊ शौचास होणे हेच औषधाचे माप. एकदाच झाली किंवा झालीच नाही, तर मात्रा वाढवावी लागते. पाच-सहा वेळा पाण्यासारखी झाली, तर कमी करावी लागते. किती वाढवायची, किती कमी करायची, हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. 'जुलाबाचे औषध रोज कशाला?' असे म्हणून किंवा 'गोड आहे, साखर वाढेल' या भीतीने परस्पर बंद करू नका. प्रवासात तर ते हमखास बरोबर ठेवा. शौचालयाची सोय आधी विचारून ठेवण्यात लाज कसली?

तिसरा रकाना डोक्याचा. याला काकू 'तारीख-वार' म्हणू लागल्या. रोज संध्याकाळी काकांनी त्या रकान्यात स्वतःच्या हाताने तारीख, वार आणि सही करायची. अक्षर बिघडू लागले, वार चुकला, रात्रीची झोप उडून दिवसा पेंग येऊ लागली, उगाच चिडचिड वाढली, हात पुढे ताणून धरले असता पंजे फडफडू लागले, तर मेंदूवर परिणाम होत असल्याची ही वर्दी आहे. माणूस बेशुद्ध होण्याआधी बहुधा हे दिसते, आणि ते घरच्यांनाच दिसते. रुग्णाला स्वतःला कळत नाही. अशा दिवशी त्याला स्कूटर, मोटार चालवू देऊ नका.

चौथा रकाना ताप, उलटी, जुलाब आणि नवीन औषधांचा. उलट्या-जुलाब सुरू असताना लघवी वाढवणाऱ्या गोळ्या तशाच चालू ठेवल्या, तर अंगातले पाणी आटून मूत्रपिंडे बिघडतात. म्हणून त्याच दिवशी डॉक्टरांना विचारा : आज या गोळ्या घ्यायच्या की थांबवायच्या?

रोज सगळे मिळून पाच मिनिटांचे काम. पण पाच मिनिटांच्या या कामामुळे घरातील माणूस नुसता 'जरा बरे नाही' असे न सांगता 'मंगळवारपासून वजन पावणेदोन किलोने वाढलेय' असे सांगू लागतो. फोनवरच्या डॉक्टरला याचा किती उपयोग होतो, ते मी अनुभवाने सांगतो.

मीठ कुठे कुठे लपते?

पोटात पाणी झालेल्या रुग्णाला दिवसभरात साधारण पाच ग्रॅम, म्हणजे सपाट एक चहाचा चमचा एवढेच मीठ पुरे. यात सगळे आले : भाकरीतले, भाजीतले, ताकातले. सोपी युक्ती अशी, की सकाळीच तेवढे मीठ एका लहान डबीत काढून ठेवावे. भाजी-आमटीत मीठ घालण्यापूर्वी रुग्णाचा वाटा बाजूला काढावा आणि त्याच डबीतले मीठ वापरावे. डबी रिकामी झाली, की दिवस संपला. चव हवी तर लिंबू, आमसूल, जिरे, आले, लसूण, कोथिंबीर यांचा हात सैल ठेवा.

लोणचे, पापड, सांडगे, शेव-फरसाण, खारे दाणे, खारी, पाव, बाटलीतले सॉस आणि पाकिटातली सूपे ही मिठाची कोठारे आहेत. पापडखार, खाण्याचा सोडा आणि पोट हलके व्हावे म्हणून पाण्यात फसफसवून घेतात ती पावडर, यांतही सोडियम भरपूर असते. सैंधव म्हणजेही मीठच. रंग गुलाबी असला तरी सोडियम तेच. आणि 'कमी सोडियमचे' म्हणून मिळणारे मीठ तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच आणू नका. त्यात पोटॅशियम असते. पाणी उतरवण्यासाठी दिली जाणारी स्पायरोनोलॅक्टोनसारखी गोळी शरीरात पोटॅशियम धरून ठेवते. दोन्ही एकत्र आली, तर हृदयाच्या ठोक्यांना धोका होतो. रोज शहाळे देण्यापूर्वीही याच कारणासाठी विचारा.

पिण्याच्या पाण्याचे काय? पोटात पाणी झाले म्हणून घोटघोट पाणी मोजणारी घरे मी पाहिली आहेत. रक्तातील सोडियम फार उतरले असेल आणि डॉक्टरांनी सांगितले असेल, तरच पाणी कमी करायचे. एरवी आवर घालायचा तो मिठाला.

उपास नको, वरण हवे

काविळीच्या आणि यकृताच्या रुग्णाला उकडलेले, बेचव, नुसत्या भाताचे पथ्य देण्याची जुनी रीत आहे. हळद पिवळी म्हणून वर्ज्य, डाळ जड म्हणून वर्ज्य, दूध कफकारक म्हणून वर्ज्य. काकूंनीही भीतीपोटी काकांची डाळ आणि दही बंद केले होते. सहा महिन्यांत काकांच्या दंडांचे मांस झडले. पोट पाण्याने मोठे दिसत होते, म्हणून वजनाच्या काट्यावर ते कळलेच नाही.

पूर्वी डॉक्टरही अशा रुग्णांची प्रथिने कमी करीत. आता ते चूक ठरले आहे. सिरॉसिसच्या रुग्णाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने लागतात, आणि इथे पाणी वजा करून उरलेले वजन धरायचे. म्हणजे ६० किलोच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. स्नायू हे अमोनियाची विल्हेवाट लावायला यकृताला मदत करतात. स्नायू झडले, की भ्रम वाढतो. डाळी, दूध, दही, पनीर हे अशा रुग्णांना चांगले मानवते. अंडी-मासे खाणाऱ्यांनी ते नीट शिजवून जरूर खावे. कच्चे किंवा अर्धवट शिजलेले मासे, शिंपले मात्र टाळावेत, कारण त्यांतील जंतू या रुग्णांच्या जिवावर बेततात.

दुसरी गोष्ट उपासाची. निरोगी माणसाच्या यकृतात साखरेचा साठा असतो, त्यावर रात्र निघते. कठीण झालेल्या यकृतात तो साठा राहत नाही. या रुग्णाची एक रात्र उपाशी गेली, तर शरीराला ती दोन-तीन दिवसांच्या उपासासारखी जाणवते आणि ते स्वतःचेच मांस जाळू लागते. म्हणून एकादशी, चतुर्थी, नवरात्र, रोजे यांपैकी कुठलाही उपास धरण्यापूर्वी डॉक्टरांशी बोला. दिवसा तीन-चार तासांपेक्षा जास्त वेळ पोट रिकामे ठेवू नका आणि झोपण्यापूर्वी थोडे खायला द्याच : दूध-पोळी, दलियाची खीर, वरणभात, काहीही. मधुमेह असेल तर काय आणि किती, हे विचारून ठरवा. काकूंच्या घरात आता रात्री साडेनऊला काकांसाठी दूध-पोळी कुस्करली जाते.

औषधांच्या दुकानापूर्वी डॉक्टर

डोके, गुडघे, कंबर दुखली, की आपण थेट मेडिकलच्या दुकानात जातो. यकृताच्या रुग्णाने हे करू नये. आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲसिक्लोफेनॅक, निमेसुलाइड या वेदनाशामक गोळ्या त्याच्या शरीरात पाणी वाढवतात, मूत्रपिंडे थकवतात, रक्तस्रावाचा धोका वाढवतात. दुखण्यासाठी किंवा तापासाठी पॅरासिटामॉल तुलनेने सुरक्षित. तेही डॉक्टरांना विचारून आणि सामान्यतः दिवसभरात दोन ग्रॅम, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या चार गोळ्या, यापलीकडे नाही. सर्दीच्या अनेक गोळ्यांतही तेच औषध असते, तेही मोजणीत धरा. झोपेच्या गोळ्या आणि गुंगी आणणारी खोकल्याची औषधे मेंदूवरचा परिणाम झपाट्याने वाढवतात. या रुग्णाला झोप येत नसेल, तर ते आजाराचेच लक्षण असू शकते.

'झाडपाल्याचे आहे, अपाय होणार नाही' असे म्हणून घेतलेली औषधेही डॉक्टरांना दाखवा. करोनाच्या साथीत प्रतिकारशक्तीसाठी घरोघर गुळवेल घेतली गेली. तिच्या सेवनानंतर यकृताला इजा झालेल्या रुग्णांची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी २०२१ साली प्रसिद्ध केली होती. नैसर्गिक वस्तूही यकृतातूनच जाते, हे विसरू नका.

भरती व्हायलाच हवे असे दिवस

इस्पितळाच्या फेऱ्या टाळायच्या, याचा अर्थ इस्पितळ टाळायचे असा नव्हे. हे वाचून कुणी घरी बसून राहू नये, म्हणून स्पष्ट लिहितो. पुढीलपैकी काहीही झाले, तर वही, फोन, विचारविनिमय सगळे बाजूला ठेवा आणि त्याच घटकेला निघा :

रक्ताची उलटी, किंवा डांबरासारखी काळी, चिकट, घाण वासाची शौच. (लोहाच्या गोळ्यांनीही शौच काळी होते, पण निर्णय डॉक्टरांना घेऊ द्या.)

ताप किंवा थंडी वाजणे, पोटात दुखणे. पोटातील पाण्यात जंतुसंसर्ग झाला, तर काही तासही मोलाचे असतात. सुईने थोडे पाणी काढून तपासले, की ते कळते. कधीकधी ताप नसतो, माणूस नुसता मलूल होतो. तेही पुरेसे कारण आहे.

झोपेतून नीट जागे न होणे, माणसे न ओळखणे, असंबद्ध बोलणे.

लघवी फारच कमी होणे, श्वास लागणे, कावीळ अचानक वाढणे.

ठरवून जाणे बरे, की धावत जाणे?

काही फेऱ्या आधी ठरवून केल्या, तर मोठ्या भरत्या टळतात. ज्यांच्या पोटात औषधे घेऊनही पाणी पुन्हा पुन्हा साठते, त्यांना अनेक ठिकाणी सकाळी बोलावून, पाणी काढून संध्याकाळी घरी सोडता येते. एका वेळी पाच लिटरपेक्षा जास्त पाणी काढले, तर शिरेतून अल्ब्युमिन द्यावे लागते, म्हणून हे काम घाईगर्दीत उरकायचे नसते. अशी दिवसाची सोय आहे का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारा.

शिरांना कडी बसवण्याच्या खेपा तज्ज्ञ 'आता पुरे' म्हणेपर्यंत पुऱ्या करा. त्या दाबासाठी दिलेली प्रोप्रानोलॉल किंवा कार्वेडिलॉल ही गोळी बरे वाटते म्हणून सोडू नका. दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करून घ्या. सिरॉसिसमध्ये यकृताच्या कर्करोगाचा धोका असतो आणि तो लहान असताना सापडला, तर इलाज होतो. 'अ' आणि 'ब' काविळीची, फ्लूची व न्यूमोनियाची लस घ्यायची का, हे विचारा. आणि यकृत-रोपणाची चौकशी माणूस अंथरुणाला खिळल्यावर नव्हे, हिंडता-फिरता असतानाच करा.

मूळ कारणाकडे पाठ फिरवू नका. दारू हे कारण असेल, तर ती पूर्ण थांबवण्याइतके गुणकारी औषध नाही. आजार बळावल्यावर थांबवली, तरी फरक पडतो. रोज पिणाऱ्याने मात्र ती डॉक्टरांच्या देखरेखीखाली सोडावी, कारण एकाएकी सोडल्याने झटके येऊ शकतात. पुण्याचे मुक्तांगण १९८६ पासून हे काम करीत आहे. तुमच्याही शहरात असे केंद्र असेल. 'क' प्रकारच्या काविळीवर आता बहुधा बारा आठवड्यांच्या गोळ्यांनी शंभरातील पंचाण्णव जण बरे होतात, आणि 'ब' प्रकार गोळ्यांनी ताब्यात ठेवता येतो. २८ जुलै २०१८ रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली या दोहोंची तपासणी व औषधे ठरावीक सरकारी रुग्णालयांत मोफत मिळतात.

इस्पितळांकडेही एक मागणे आहे. इटलीत पडुआ येथील डॉक्टरांनी २०१३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. पोटात पाणी झालेल्या काही रुग्णांना घरी सोडल्यावर परिचारिका, डॉक्टर आणि दिवसाच्या उपचारांची सोय असलेल्या पथकाने सतत लक्षात ठेवले. बाकीच्यांना नेहमीची तपासणी मिळाली. नेहमीच्या गटातील शंभरी सुमारे ४२ जण महिन्याभरात पुन्हा भरती झाले. लक्ष ठेवलेल्या गटातील केवळ १५. यात मोठे यंत्र नव्हते, कुणीतरी चौकशी करणारे होते. आपल्याकडे आयुष्मान भारत योजनेत वर्षाला पाच लाखांपर्यंतचा इस्पितळातील खर्च मिळतो, पण बाह्यरुग्ण विभागातील तपासण्या आणि रोजची औषधे तिच्यात येत नाहीत. खाटेवर पडल्यावर पैसे आहेत, खाटेपासून दूर राहण्यासाठी नाहीत. तोवर निदान एवढे तरी करा : घरी सोडतील त्या दिवशी, घरातील स्वयंपाक करणाऱ्या आणि औषधे देणाऱ्या व्यक्तीने डॉक्टरांसमोर बसून चार प्रश्न विचारावेत. कुठले औषध कशासाठी? वजन किती झाले की फोन करायचा? कुणाला करायचा? पुन्हा कधी यायचे? उत्तरे मराठीत, आपल्या वहीत, आपल्या हाताने लिहून घ्या.

काकांची वही सुरू झाली, त्यानंतरच्या वर्षात ते एकदा भरती झाले. संध्याकाळी अंगात कणकण आली आणि पोट दुखू लागले. काकूंनी सकाळची वाट पाहिली नाही. पोटातील पाण्यात संसर्ग निघाला, लगेच औषधे सुरू झाली आणि सहाव्या दिवशी काका घरी आले. ती भरती टाळायची नव्हतीच. बाकी दोन वेळा पाणी वाढू लागले, एकदा शौच अडली. तिन्ही वेळा फोनवर आणि दवाखान्यात भागले.

आजार गेलेला नाही. काका अशक्त आहेत, पायऱ्या चढताना थांबतात, आणि पुढे काय वाढून ठेवले आहे, हे आम्हा तिघांनाही ठाऊक आहे. पण परवा मी त्यांच्या घरी गेलो, तेव्हा दारामागची खुंटी मोकळी होती. निळी पिशवी कुठे गेली, असे विचारल्यावर काकू म्हणाल्या, "कागद कपाटात ठेवलेत हाताशी. पिशवी सूनबाई भाजीला नेते."

काकांनी वही पुढे केली. तारीख बरोबर होती, वार बरोबर होता आणि खाली शाळेच्या दाखल्यांवर करीत तशीच वळणदार सही होती.